चालून दाखवा

त्या दिवशी सकाळी मी तिच्या पदराला पिन लावली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजचं काम म्हणाल तर ते शेवटचं.

माझी बायको, कुसुम. तिची पाठ वाकडी होती. जन्मापासून नाही, वयात येताना वाकली. कणा मधूनच एका बाजूला गेलेला आणि उजव्या खांद्याखालचं हाड बाहेर आलेलं. म्हणून ती पदर पूर्ण पाठीवरून घेऊन दुसऱ्या खांद्यावर आणायची. तो सरकू नये म्हणून मानेखाली ब्लाउजला पिन. तिचा हात तिथे पोचत नव्हता. लग्न झालं तेव्हापासून ते काम माझ्याकडे. पिन मी ओठात धरायचो, पदर सारखा करायचो, लावायचो. ती म्हणायची, "टोचू नका हो." मी म्हणायचो, "मग हलू नको." घराबाहेर पडायचं असलं की रोज हेच. यापेक्षा जास्त प्रेमाचं आम्ही काही बोललो असू असं मला आठवत नाही.

मी कमी शिकलेला माणूस आहे. कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होतो. लिहिता येतं, पण लिहायची सवय नाही. जसं बोलतो तसं लिहितो आहे.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; घरात मराठी, बाहेर हिंदी. त्या दिवशी आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजय नगरला जायचं होतं. आम्ही दोघं आणि आमची नात रेणू. रेणू नववीत आहे. तिचीही पाठ वाकायला लागली आहे, आजीसारखीच. पण आता जमाना वेगळा. आता प्लास्टिकचा कडक पट्टा मिळतो, छातीपासून कमरेपर्यंत. दिवसभर घालायचा, झोपतानाही घालायचा. पोरगी वाढते तसा तो बदलावा लागतो. आमचा मुलगा कारखान्यात ठेक्यावर आहे. आज काम आहे, उद्याचं माहीत नाही. असा पट्टा पुन्हा पुन्हा करून घेणं आमच्या बसची बात नव्हती.

तेव्हा विजय नगरच्या एका खाजगी अस्पतालातल्या मॅडम भेटल्या. त्यांचा एक अभ्यास चालू होता. पाठ वाकडी असलेली, वयात येणारी मुलं स्वतःच्या शरीराला कसं बघतात, हे त्यांना शोधायचं होतं. अभ्यासात आलं तर पट्टा फुकट, तपासणी फुकट. आम्ही हो म्हणालो. कोण नाही म्हणेल.

तो अभ्यास कसा, ते सांगतो. डोळ्यांवर डब्यासारखा जाड चष्मा बांधतात. आत एक खोली दिसते. खोलीत आरसा, आरशात एक मुलगी. पोरीच्या दोन्ही हातांत दोन मुठी देतात. बटण दाबलं की आरशातल्या मुलीचा खांदा वर होतो, कंबर सरकते, पाठ वाकते. मॅडम म्हणतात, तू जशी आहेस असं तुला वाटतं तशी बनव. मग तिने बनवलेली पाठ खऱ्या मापाशी ताडून बघतात. मॅडमनी मला समजावलं होतं, "काका, ही मुलं स्वतःला आहेत त्यापेक्षा जास्त वाकडी समजतात. ते आम्हाला सिद्ध करायचंय."

अभ्यास वाईट होता असं मी म्हणत नाही. सुरुवातीला रेणूलाही मजा आली. पण एकदा त्यांनी चष्म्यात तिला सरळ पाठ दिली. एकदम सरळ, गजासारखी. ती त्या सरळ पाठीने त्या खोलीत फिरली, नाचली म्हणे. मग चष्मा काढला. घरी येऊन पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली, जेवली नाही. कुसुम तिच्या केसांतून हात फिरवत बसली. मी म्हणालो, सोडून देऊ हे. कुसुम म्हणाली, "पट्ट्याचं काय मग?" पुढच्या वेळी पुन्हा गेलो.

आमच्याकडे मिल बंद झाल्यापासून हेच चाललं आहे. एक हात सोडवायला गेलं की दुसरा अडकतो.

तर त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिथे मोठमोठे पाहुणे येणार होते, बाहेरगावचे डॉक्टर वगैरे. त्यांना हा चष्मा दाखवायचा होता. आदल्या दिवशी तालीम, म्हणून आम्हाला बोलावलं. सिटी बसने गेलो. काचेची बिल्डिंग. दारावर गार्ड, हातात ती पीं पीं वाजणारी काठी. तो मला काही बोललाच नव्हता. तो नुसता पुढे आला, आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.

मिलची सवय आहे ती. पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची. सुताची एक लड बाहेर जाऊ नये म्हणून. हात वर, डबा उघडा, वळा, चला. इतकी वर्षं. मिल बंद व्हायची नोटीस लागली त्या दिवशीही आम्ही रांगेत हात वर करून बाहेर पडलो. आमचं पोट कापून घेतलं होतं आणि झडतीसुद्धा आमचीच. त्या वेळी कुणाच्या ते डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मिल बंद झाल्यावर सोयाबीनच्या गोदामात पोती उचलली, लोकांच्या बिल्डिंगीवर वॉचमन राहिलो, पण हातांची ती सवय गेली नाही. बँकेत, मॉलमध्ये, कुठेही वर्दीवाला दिसला की हात वर.

गार्ड हसला. म्हणाला, "दादा, सरेंडर मत करो, सिर्फ थैली दिखा दो."

कुसुम मागून म्हणाली, "हात खाली घ्या. मिल बंद झाली."

रेणू पोट धरून हसली. पट्ट्यामुळे तिला नीट हसताही येत नाही, ती सगळी एकदम हलते. आम्ही तिघंही हसलो. तिथलं आमचं तेवढंच हसणं.

आत हॉल होता. खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर मोठा पडदा. पोरीला चष्म्यात जे दिसतं ते सगळं त्या पडद्यावर दिसतं. तिला वाटतं आपण आत एकटे आहोत. बाहेर सगळे बघत असतात.

मॅडम होत्या, कॉम्प्युटरवाले दोघं-तिघं, आणि पुढच्या खुर्चीत मोठे साहेब. सगळं तेच चालवतात म्हणे. पायावर पाय टाकून कचोरी खात होते. रेणूला चष्मा बांधला. पडद्यावर आरसा आला, आरशात मुलगी. मॅडम म्हणाल्या, "रेणू, आज अगदी मनापासून. तू जशी आहेस तशी."

रेणूने बटणं दाबायला सुरुवात केली. खांदा वर. कंबर डावीकडे. पाठ वाकली, आणखी वाकली. उजव्या खांद्याखालचं हाड बाहेर आलं. मान जराशी पुढे. मी बघत होतो. ती पाठ मला ओळखीची होती. मी तिला रोज पिन लावतो.

मोठ्या साहेबांनीही पाहिलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या कुसुमकडे, आणि हसले. "अरे वाह, बच्ची ने तो सीधे अम्माजी बना दीं."

कॉम्प्युटरवाले हसले. सगळ्यांच्या माना कुसुमकडे वळल्या. मॅडम हसल्या नाहीत, हे खरं सांगतो. पण त्यांचे डोळे चमकले. काही मोठं सापडल्यासारखे. त्या कुसुमजवळ आल्या आणि म्हणाल्या, "काकू, हे फार महत्त्वाचं आहे हो. ती स्वतःला तुमच्यासारखी बघतेय. तुम्ही जरा पडद्यासमोर याल का? जरा चालून दाखवाल? आम्ही रेकॉर्ड करतो. उद्या पाहुण्यांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवता येईल."

चालून दाखवाल का.

हे कुसुमला आधी एकदा विचारलं गेलं होतं. तिला बघायला मी गेलो होतो तेव्हा. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि माझे मामा म्हणाले, "मुलीला जरा चालून दाखवायला सांगा." त्यांना पाठीची कुणकुण लागली होती. कुसुम उठली. चालत चालत आमच्यासमोरून गेली, दाराबाहेर गेली, चपला घातल्या आणि शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. घरात एकच गोंधळ. मी तिला बोलवायला बाहेर गेलो तर म्हणाली, "झालं बघून? आता तुम्ही चालून दाखवा."

आणि मी चाललो. भर गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं टाळ्या वाजवत होती. परत आलो तेव्हा ती म्हणाली, "पाय जरा फेंगडे आहेत. चालेल." मामा तिथूनच निघून गेले आणि लग्नाला आलेच नाहीत.

अशी बाई होती ती.

म्हणून मला वाटलं, आता ही उठेल, पोरीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढेल आणि आम्हाला घेऊन चालायला लागेल. ती उठली. माझ्याकडे पाहिलं. मग रेणूकडे पाहिलं. रेणूच्या कुर्त्याखाली तो पट्टा. एका बाजूने आता घट्ट व्हायला लागलेला. पुढच्या महिन्यात नवा मिळणार होता.

कुसुम म्हणाली, "कुठून चालू?"

साहेब खुर्चीतूनच म्हणाले, "पल्लू हटवाइए मॅडम, पीठ दिखनी चाहिए."

मॅडमनी पिन काढली. टेबलावर ठेवली. पदर बाजूला केला. कुसुम त्या पडद्यासमोरून चालली. तिकडे गेली, परत आली. "एक बार और," साहेब म्हणाले. ती पुन्हा चालली. इतकी वर्षं जी पाठ घरच्यांशिवाय कुणाला दाखवली नव्हती, ती दिव्याखाली. मी उठायला हवं होतं. मी खुर्चीत होतो. हात वर नव्हते माझे, पण मी गेटवरच उभा होतो.

मध्येच रेणूने चष्मा काढला. तिला आत आवाज येत होते, काय चाललंय कळत नव्हतं. तिने पाहिलं. आजी चालत होती आणि तिच्या मागे पडद्यावर रेणूने बनवलेली पाठ होती. फक्त साहेबांनी कचोरीचा कागद चुरगळला, तो आवाज.

परतताना बसमध्ये कुसुम एका हाताने दांडा आणि एका हाताने पदर धरून उभी होती. जागा मिळाली तरी पाठ टेकून बसली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, "पिन तिथेच राहिली."

तिचं हे शेवटचं बोलणं माझ्या लक्षात आहे. घरी आली, पाणी प्यायला भांडं उचललं, ते हातातून पडलं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. तिला बीपी होताच. त्यांनी मारलं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की मरायच्या दिवशी तिला तसं चालवलं.

संध्याकाळी तिला पोचवून आलो. घरात बायका होत्या, मुलगा कोपऱ्यात बसला होता. मुलाने कळवलं होतं, म्हणून मॅडमचा फोन आला. रडत होत्या. खोटं रडत नव्हत्या. म्हणाल्या, "काका, मला फार वाईट वाटतंय. उद्या रेणूला आणू नका, तिला वेळ द्या. आपल्याकडे काकूंचं रेकॉर्डिंग आहे, तेच दाखवू. मी सरांशी बोलले. आम्ही ते काकूंना श्रद्धांजली म्हणून दाखवणार आहोत."

मी विचारलं, "काय दाखवणार?"

"त्यांचं चालणं."

मी फोन मुलाच्या हातात दिला. श्रद्धांजली. बाईची उघडी पाठ, अनोळखी माणसांसमोर, पुन्हा पुन्हा, चहा पिता पिता. तिने आयुष्यभर झाकली. आता झाकायला तीही नाही आणि पिनही नाही.

रेणू माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, मी आजीची चेष्टा नव्हती केली."

"मला माहीत आहे."

"स्वतःची पाठ कुणाला दिसते का? मी कधी पाहिलीच नाही माझी. आजीची पाहिली. तिला तेल लावताना. मला वाटलं, पाठ अशीच असते."

तिथे त्या एवढ्या मशिनी होत्या. पण पोरीला हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, सदरा घातला, चपला घातल्या. मुलगा दारात आडवा आला. "बाबा, सुतक आहे. लोक येतील बसायला. कुठे निघालात?"

"तुझ्या आईला घेऊन येतो."

त्याला वाटलं मला भ्रम झाला. म्हणाला, "आणि पट्टा? तुम्ही तिथे भांडलात तर पोरीचा पट्टा गेला समजा."

तो खरं बोलत होता. तेच तर. आमच्या घरात जो बोलतो तो खरंच बोलतो, आणि दर वेळी ते खरं बोलणं ऐकून आम्ही खाली बसतो. मी सांगितलं, "गेला तर गेला." माझा आवाज मलाच नवा वाटला. मागून रेणू आली. "मीही येते." तिच्या आईने दुपट्टा दिला पट्टा झाकायला. तिने घेतला नाही.

विजय नगरला तोच गार्ड. त्याने मला पाहिलं, कालची गंमत आठवली असेल, हसून काठी उचलली. माझे खांदे हलले. हात निघाले वर जायला. मी ते धरून ठेवले. कसे सांगू, अंगातल्या अंगात कुस्ती झाली. "थैली नहीं है," मी म्हणालो. "हाथ ऊपर नहीं होंगे आज." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

हॉल भरला होता. पडद्यावर कुसुम चालत होती. सुरू झालं होतं. शेजारी रेणूची ती पाठ. एकजण काहीतरी वहीत लिहीत होता. मी सरळ पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिचं चित्र माझ्या सदऱ्यावर पडलं.

मॅडम धावत आल्या. "काका, तुम्ही? आज?"

"हे बंद करा. आणि पुसून टाका."

"काकूंनी हो म्हटलं होतं हो. परवानगी आहे आपल्याकडे."

"पट्ट्यासाठी म्हणाली. नाही म्हणायची सोय होती का तिला?"

साहेब पहिल्या रांगेतून उठले, प्रेमाने म्हणाले, "दादाजी, बैठिए, चाय लीजिए. ये साइंस है. इससे बच्चों का भला होगा."

मी म्हणालो, "होगा साहब. तो एक बार आप चल के दिखाइए."

"जी?"

"कमीज उतारिए. पीठ इधर. वहाँ से यहाँ तक. फिर एक बार और. ये सब लोग देखेंगे."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. साहेबांचा हात नकळत आपल्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. ते काढायला नाही, घट्ट धरायला. मी खुर्च्यांकडे वळलो. "कोई और? कोई भी चलो." एकही उठला नाही. मी सगळ्यांच्या तोंडांकडे एक एक करून पाहिलं. कुणी पायाकडे बघत होतं, कुणी मोबाइलकडे. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. काय मागतो आहोत ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त ते आपल्याकडेही कुणी मागेल, हे त्यांनी धरलं नव्हतं.

रेणू म्हणाली, "मॅडम, माझंही पुसा."

मॅडम कॉम्प्युटरजवळ गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "रेणू, मग तू अभ्यासात राहणार नाहीस. पुढचा पट्टा मला देता येणार नाही गं. ते माझ्या हातात नाही." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याही कुठेतरी अडकलेल्याच असतील. पण त्या दिवशी मला सगळ्यांचं समजून घ्यायचं नव्हतं.

मी रेणूकडे पाहिलं. निर्णय तिच्या पाठीचा होता. तिने पट्ट्यावर एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "पुसा."

पुसलं की नाही, मला काय कळणार. रेणूला कळतं. ती मॅडमच्या खांद्याजवळ उभी राहिली, शेवटपर्यंत बघत राहिली, मग मान हलवली. पडदा पांढरा झाला. मी टेबलाकडे गेलो. पेनांच्या डब्यात पिन पडली होती. घेतली.

तिथून आम्ही घरी गेलो नाही. सरळ सरकारी अस्पताल. रांग दरवाजाबाहेर आली होती, उभे राहिलो. नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, कुर्ता वर कर, पाठ दाखव. मागे शिकाऊ पोरांचा घोळका, त्यामागे बाकावर सगळी रांग बघायला मोकळी. मी म्हणालो, "पहले परदा."

"दादा, परदा टूटा है. टाइम नहीं है."

"औषधासाठी बघा, जरूर बघा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, हिंदी सुचली नाही. "पडदा लावून बघा."

पडद्याच्या कड्या तुटल्या होत्या, मधे फट पडत होती. मी खिशातून कुसुमची पिन काढली. ओठात धरली. दोन्ही कडा सारख्या केल्या आणि लावली. डॉक्टर बघत राहिले. घोळक्यातल्या पोरांना त्यांनी बाहेर जायला सांगितलं.

पट्टा मिळेल का, कधी मिळेल, ते त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा यायला सांगितलं. येऊ. पट्टा मिळेपर्यंत येत राहू. पण येताना पिन माझ्या खिशात असेल, आणि माझ्या नातीला चालून दाखव म्हणणाऱ्याला आधी स्वतः चालावं लागेल.

मी पडद्याबाहेर उभा राहिलो. हात खाली.